निवेदक आणि वाचक

एखादी कादंबरी वाचून हातावेगळी झाली म्हणजे आपल्या घरांतून जी चर्चा चालते तिचे विषय बहुधा ठरलेले असतात. नायिकेनें तसें करावयास हवें होतें कीं नव्हतें, अमक्या पात्राचा शेवट योग्य झाला कीं नाहीं, ग्रंथकारानें तमक्यास उगीच मारिलें, असे प्रश्न निघतात व त्यांवर लहानथोर सर्व मंडळी आवेशानें बोलतात. ही चर्चा आम्हांस मुळींच त्याज्य वाटत नाहीं. ज्या घरांत कल्पित माणसांविषयीं भांडण होतें तेथें वाङ्मय जिवंत आहे असें खुशाल समजावें. परंतु या चर्चेंत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि तो विचारल्यावांचून बाकीच्या प्रश्नांस उत्तर देणें म्हणजे साक्षीदाराचें नांवगांव न पुसतां त्याच्या जबानीवर निकाल देण्यासारखें आहे. तो प्रश्न असा कीं, ही हकीकत आपणांस सांगतो कोण? त्यानें पाहिलें किती, ऐकलें किती, आणि पदरचें घातलें किती?

प्रस्तुत लेखांत आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: कथेंतील अर्थाचा मोठा भाग ग्रंथकार लिहून ठेवीत नाहीं, तो वाचकानें काढावयाचा असतो, आणि तो काढण्याचें मुख्य साधन म्हणजे निवेदकाची मर्यादा ओळखणें. निवेदक कोठें उभा आहे हें ज्याला कळलें त्याला निवेदकाच्या पाठीमागें काय असेल याचा तर्क करितां येतो. ज्याला तें कळलें नाहीं तो एक तर निवेदकाचें सर्वच खरें मानतो, किंवा आपल्याच मनांतलें पुस्तकांत वाचतो. पहिल्यास भोळा म्हणावें, दुसऱ्यास उतावळा; फसतात दोघेही.

हा विषय निघाला कीं पुष्कळांस तो परकीय वाटतो. ना. सी. फडके यांचें ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून ‘तंत्र’ हा शब्द आमच्याकडे घरोघर झाला, आणि त्याबरोबर निवेदनाचा विचार म्हणजे इंग्रजी ग्रंथांतून उचललेली कांहीं कारागिरी आहे अशी समजूतही रूढ झाली. ही समजूत खरी नाहीं. मराठी गद्याचा आद्यग्रंथ जो ‘लीळाचरित्र’, त्याची घडणच या प्रश्नावर झालेली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या लीळा संग्रहित केल्या त्या एका जागीं बसून कल्पनेनें नव्हेत. ज्यानें जी लीळा पाहिली वा ऐकली त्याला गांठून, त्याला पुसून त्यांनीं त्या मिळविल्या. पुढें पोथ्यांतून एकाच प्रसंगाच्या भिन्न आठवणी आढळल्या, तेव्हां महानुभाव लेखकांनीं त्यांपैकीं एक पुसून दुसरी ठेविली असें केलें नाहीं. अमक्याची ‘वासना’ अशी आहे, म्हणजे त्याच्या स्मरणांत हा प्रसंग असा आहे, अशी नोंद करून त्या आठवणी जतन केल्या. सांगणारा बदलला कीं सांगितलेलेंही बदलतें, आणि म्हणून सांगणाराचें नांव सोडतां कामा नये, हें भान आपल्या गद्याला जन्मापासून आहे. या वाङ्मयाकडे अर्वाचीन वाचकांचें लक्ष वेधण्याच्या कार्यांत यवतमाळचा वांटा मोठा आहे. य. खु. देशपांडे यांनीं येथें शारदाश्रमाच्या द्वारें जुन्या पोथ्यांच्या संशोधनाचा जो उद्योग मांडला, त्याचें एक फळ म्हणजे १९२५ सालीं बाहेर आलेलें त्यांचें ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हें पुस्तक. तेव्हां यवतमाळच्या वाचकास तरी या विचाराचें मूळ शोधण्याकरितां विलायतेस जाण्याचें कारण नाहीं.

जी गोष्ट निवेदकाची तीच अनुमानाची. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतांतील गाथांचा प्रसिद्ध संग्रह. या परंपरेंतील एक गाथा आनंदवर्धनानें नवव्या शतकांत आपल्या ‘ध्वन्यालोकां’त उदाहरणादाखल घेतली आहे. गोदावरीच्या कांठीं फुलें वेंचावयास येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थास एक स्त्री सांगते कीं, बाबा, आतां निर्धास्तपणें हिंडावें. तुम्हांला त्रास देणारें तें कुत्रें नदीकांठच्या झाडींत राहणाऱ्या सिंहानें मारून टाकिलें. शब्द ‘खुशाल या’ म्हणतात, अभिप्राय ‘येऊं नका’ असा आहे. ती झाडी त्या स्त्रीच्या संकेताची जागा आहे हें गाथेंत कोठेंही लिहिलेलें नाहीं. आनंदवर्धन म्हणतो, हा ध्वनि. हा व्यंजनेचा व्यापार. अकराव्या शतकांत महिमभट्टानें ‘व्यक्तिविवेक’ लिहून उलट पक्ष मांडला. त्याचें म्हणणें असें कीं, व्यंजना म्हणून निराळी शक्ति मानण्याची जरूर नाहीं. जो कुत्र्याला भितो तो सिंह असलेल्या ठिकाणीं पाऊल टाकणार नाहीं, हें सरळ अनुमान आहे, धुरावरून अग्नि ओळखण्यासारखेंच. पुढील पंडितांनीं बहुमतानें आनंदवर्धनाचा पक्ष उचलून धरला, व त्या वादाचा निवाडा आम्हांस येथें करावयाचा नाहीं. परंतु कादंबरीच्या वाचकानें महिमभट्टापासून एक धडा अवश्य घ्यावा. अनुमान म्हटलें म्हणजे त्याला हेतु दाखवावा लागतो, आणि हेतु खोटा निघाला तर तो हेत्वाभास ठरतो. ‘मला आपलें असें वाटतें’ याला अनुमान म्हणत नाहींत. शिवाय दोन्ही पक्षांना हें मान्य करावेंच लागतें कीं, बोलणारी कोण आहे हें ध्यानांत आल्यावांचून त्या गाथेचा अर्थ लागत नाहीं. तींच वाक्यें गांवच्या पाटलानें उच्चारिलीं असतीं तर ती नुसती एक बातमी झाली असती.

साक्षीदाराची ओळख आणि हेतूची तपासणी, हीं दोन सूत्रें हातीं घेऊन आतां मराठी कादंबरीकडे वळूं.

१८५७ सालीं बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी हा मान अनेक अभ्यासक त्यास देतात. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासास निघते, ठिकठिकाणीं विधवांची स्थिति पाहते, त्यांच्या कहाण्या ऐकते, आणि पुढें तीच दशा तिच्याही कपाळीं येते. हा विषय त्या काळीं हातीं घेण्यास जें धैर्य लागलें असेल त्याबद्दल आपण बाबांचें ऋण मानलें पाहिजे. परंतु निवेदकाच्या जागीं तेथें ग्रंथकार स्वतः उभा आहे. त्याला सर्व ठाऊक आहे. कोणाचें चुकलें व त्यावर उपाय कोणता हेंही ठाऊक आहे. आणि तें सर्व तो सांगून टाकितो. एका दुःखितेची कथा संपते न संपते तोंच तिच्यापासून घ्यावयाचा बोध पुढें ठेविलेला असतो. वाचकाला दया येते, पण त्याच्याकडे काम कांहींच उरत नाहीं. यमुना आपल्याला दिसते. तिच्या डोळ्यांनीं आपल्याला कांहीं दिसत नाहीं.

यानंतर तेहतीस वर्षांनीं हरि नारायण आपटे यांनीं नुकत्याच निघालेल्या ‘करमणूक’ पत्रांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः देण्यास आरंभ केला. १८९० पासून १८९३ पर्यंत ती चालली होती. विषय तोच, आणि नायिकेचें नांवही तेंच. परंतु सव्वीस वर्षांच्या या तरुण ग्रंथकारानें एक गोष्ट अशी केली कीं, तिच्यामुळें मराठी कादंबरीचें स्वरूप पालटलें. त्यानें लेखणी यमूच्या हातीं दिली व आपण बाजूला झाला.

याचा परिणाम काय झाला तो नीट पाहण्यासारखा आहे. सर्वज्ञ निवेदक कोठेंही जाऊं शकतो. बैठकींत काय ठरलें, देवघरांत काय पुटपुटलें गेलें, कोणाच्या मनांत काय आलें, सर्व त्याला खुलें असतें. यमूला तें खुलें नाहीं. त्या काळच्या पुण्याच्या ब्राह्मणी घराची रचना डोळ्यांपुढें आणा. पुढें ओटी व बैठक, मागें माजघर व स्वयंपाकघर. मुलीचें लग्न कोणाशीं करावयाचें, सुनेला माहेरीं पाठवावयाची कीं नाहीं, तिनें शिकावयाचें कीं नाहीं, हें सर्व ठरतें पुढें. आणि जिच्याविषयीं ठरतें ती असते मागें. तिच्या कानीं तें पडावयाचें तें दाराआडून, लहान मुलांच्या तोंडून, किंवा दोन दिवसांनीं कोणी रागाच्या भरांत बोलून गेल्यावर. यमूला जगाची पुष्कळ बातमी दादाकडून कळते, कांहीं दुर्गीसारख्या मैत्रिणीकडून. आपण वाचीत जातों आणि हळूहळू आपल्या ध्यानांत येतें कीं, या मुलीच्या आयुष्याचे सर्व निर्णय अशा एका खोलींत होत आहेत जींत तिचा प्रवेश नाहीं. हें वाक्य हरिभाऊंना लिहावें लागत नाहीं. निवेदकाच्या जागेनेंच तें लिहिलें आहे. वाचकानें फक्त तें ओळखावयाचें.

दुसरी गोष्ट काळाची. पाहणारी यमू लहान आहे, लिहिणारी यमुना मोठी आहे. वडिलांच्या धाकानें घर कसें चिडीचूप होतें, आई कसें सोसते, हें त्या मुलीला दिसतें, कळत नाहीं. मुलाला रागाचा आवाज ऐकूं येतो, त्याचें कारण ठाऊक नसतें. आईचे डोळे लाल दिसतात, ती धुरानें झाले असें सांगते आणि मूल तें खरें मानतें. अशा ठिकाणीं लिहिणारी जितकी गप्प राहते तितका वाचक जागा होतो. मुलाच्या नजरेंत जें अपुरें राहिलें तें तो आपल्या अनुभवानें पुरें करितो, आणि आपण स्वतः शोधून काढलेलें दुःख दुसऱ्यानें वर्णिलेल्या दुःखापेक्षां अधिक खोल रुततें. जो वाचक त्या काळीं कादंबरी म्हणून हें वाचीत होता त्याला आपल्या घरांतील माजघर त्या दिवशीं प्रथमच दिसलें असेल, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हरिभाऊंनीं हें सर्वत्र साधलें आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. त्यांच्या पाल्हाळाविषयीं टीका झाली आहे व ती रास्त आहे. पण तिचें कारण नुसतें लांबणें हें नव्हे. ज्या पानांवर सुधारक हरिभाऊ यमूच्या हातची लेखणी काढून घेतात आणि स्वतः व्याख्यान देऊं लागतात तीं पानें लांब वाटतात, कारण तेथें बोलणारा बदलतो आणि नांव मात्र तेंच राहतें. वाचकाला हा बदल कानानें ओळखतां आला पाहिजे. कादंबरींतील दोष कोणता आणि गुण कोणता हें सांगण्याचें याहून खात्रीचें गमक आम्हांस ठाऊक नाहीं.

शंकरमामंजींचा प्रश्न याहून नाजूक आहे. हें पात्र आरंभापासून अखेरपर्यंत काळेंकुट्ट आहे. त्याला एकही चांगला क्षण ग्रंथकारानें दिला नाहीं, अशी तक्रार करितां येते. सर्वज्ञ निवेदकानें असें चित्र काढलें असतें तर आम्हीही ती तक्रार केली असती. परंतु येथें सांगते ती यमू. ज्या मनुष्याच्या सत्तेखालीं तिनें दिवस काढले, पतीच्या मरणानंतर बळानें झालेल्या केशवपनाच्या आठवणींतून जो वगळतां येत नाहीं, त्याचें मन उकलून पाहण्यास तिला सवड कोठून मिळावी? तिची साक्ष एकांगी आहे, आणि एकांगी असणें हाच तिचा खरेपणा आहे. वाचकानें येथें दोन अनुमानें वेगळीं ठेवावीं. यमूला तो मनुष्य असा दिसला, हें निश्चित. तो मनुष्य स्वतःच्या मनांत कसा होता, हें या ग्रंथावरून कळण्यास मार्ग नाहीं. पहिल्या अनुमानास हेतु आहे, दुसऱ्यास नाहीं. जो वाचक दुसरेंही काढूं पाहतो तो ग्रंथाबाहेर जातो.

आणि मग त्या नांवाकडे पाहावें. तो प्रश्न यमूचा आहे कीं हरिभाऊंचा, हें आजवर आम्हांस ठरवितां आलेलें नाहीं, व तें ठरविण्याची गरजही वाटत नाहीं. महत्त्वाचें हें कीं, कादंबरीच्या नांवांत वाचकाच्या कामाचाच उल्लेख आहे. लक्षांत घेणें, म्हणजे जें सांगितलें त्यावरून न सांगितलेलें ओळखणें. आगरकरांनीं १८८८ सालीं ‘सुधारक’ काढून याच प्रश्नांवर निबंधांमागून निबंध लिहिले. निबंधाला उत्तर देतां येतें. त्याच्या युक्तिवादांत खोट काढतां येते. यमूच्या कथेला कोणी उत्तर द्यावें? वाचकानें अनुमान स्वतःच काढलेलें असतें, आणि आपणच काढलेल्या निष्कर्षाशीं भांडणें फार कठीण.

येथें एक आक्षेप उभा राहतो व तो आम्हांस टाळावयाचा नाहीं. यमूची लेखणी अखेर हरिभाऊंच्याच हातांत होती. स्त्रीच्या तोंडून पुरुष बोलला. मग तें आत्मकथन कसलें? या आक्षेपाचा उगम वऱ्हाडांतच सांपडतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं, म्हणजे हरिभाऊंच्या कादंबरीच्या आधीं आठ वर्षें, ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेवर चाललेल्या खटल्यानें त्या वेळीं वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी झोड उठली, तिच्या संतापांतून तो निबंध निघाला. त्यांत ताराबाईंनीं एक फार मार्मिक काम केलें आहे. तत्कालीन पुस्तकांतून व नाटकांतून स्त्रियांचे जे दुर्गुण रंगविले जात त्यांचा समाचार घेतां घेतां, चित्र काढणारा हात पुरुषाचा आहे, हें त्यांनीं रोखठोक दाखवून दिलें. ज्याला आपण आज निवेदकाचा पक्षपात म्हणतों त्याची ही मराठींतील फार लवकरची आणि फार धीट तपासणी होय. समीक्षेच्या इतिहासांत ताराबाईंचें नांव या कारणासाठींही घेतलें गेलें पाहिजे.

तरी पण हा आक्षेप हरिभाऊंच्या कलाकृतीस पुरता लागत नाहीं असें आम्हांस वाटतें. कल्पित वाङ्मयाचा धर्मच हा कीं, लिहिणारानें दुसऱ्याच्या जागीं उभें राहावें. तो तेथें उभा राहिला कीं नुसता तेथें उभें राहिल्याचें सोंग करितो, एवढेंच पाहावयाचें. आणि तें प्रत्येक पानावर पाहावें लागतें. लेखकाचें नांव पाहून आधींच निकाल देणें हा आळस आहे. या आळसाचें उलट दिशेचें उदाहरणही मराठींत घडलें आहे. १९३३ सालीं विभावरी शिरूरकर या नांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह बाहेर पडला. सुशिक्षित अविवाहित तरुणींच्या मनांतील कोंडमारा त्यांत इतका उघडपणें आला होता कीं, कथा बाजूला राहिल्या आणि ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. तें टोपणनांव बाळूताई खरे, म्हणजे पुढें मालतीबाई बेडेकर म्हणून प्रसिद्ध झालेल्या लेखिकेचें, हें नंतर सर्वांस कळलें. परंतु कळल्यानें त्या कथांच्या अर्थांत कोणती भर पडली? कथेंतील ‘मी’ म्हणजे लेखिका, आणि कथेंतील प्रसंग म्हणजे तिचें चरित्र, हें अनुमान त्या वेळीं अनेकांनीं केलें. महिमभट्टानें त्यास नुसता हेत्वाभास म्हणून सोडून दिलें असतें; आम्हांस त्यांत निर्दयपणाही दिसतो. कारण असलें अनुमान पुरुष लेखकाच्या ‘मी’विषयीं इतक्या हौसेनें कोणी करीत नाहीं.

निवेदकाची मक्तेदारी मोडण्याचा आणखी एक मार्ग वामन मल्हार जोशी यांनीं १९३४ च्या सुमारास ‘इंदु काळे व सरला भोळे’ या पत्ररूप कादंबरींत अवलंबिला. तेथें ग्रंथकार जवळजवळ नाहींच. निरनिराळीं माणसें एकमेकांस पत्रें लिहितात, आणि प्रत्येक पत्र कोणाला लिहिलें आहे यावर त्यांतील खरेपणा अवलंबून असतो. मैत्रिणीला लिहितांना मनुष्य एक सांगतो, वडीलधाऱ्यांस दुसरें. दोन पत्रें शेजारीं ठेवून त्यांच्या मधल्या फटींतून वाचकानें पाहावयाचें. कौटुंबिक पत्रव्यवहार ज्यांच्या घरीं जपून ठेविलेला असेल त्यांस ही विद्या वेगळी शिकविण्याची जरूर पडणार नाहीं.

आतां आमच्या प्रदेशाकडे येऊं. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० सालीं प्रसिद्ध झाली. महादेव शिंपी व त्याची बायको कौतिक यांच्या संसाराची ही कहाणी वऱ्हाडच्या मातींतील आहे, आणि तींतील माणसें आपली वऱ्हाडी बोलतात. येथें ‘मी’ नाहीं. निवेदन तृतीयपुरुषी आहे. पण यमुनेच्या पर्यटनाचा वृत्तांत देणारा तो तृतीयपुरुष आणि हा, यांत महदंतर आहे. शेळक्यांचा निवेदक कौतिकच्या शेजारीं उभा राहतो, तिला दिसतें तितकेंच बहुधा पाहतो, आणि तिच्यावर भाष्य करण्याचें टाळतो. घरांत काय आहे नि काय नाहीं, कोण काय बोललें व कोण गप्प राहिलें, एवढ्या तपशिलांतून तिची जिद्द आणि तिचा ऱ्हास आपल्याला उमगत जातो. कौतिकचें दुःख सांगण्यासाठीं ग्रंथकारानें तिच्या तोंडीं शहरी शब्द घातले नाहींत. तिच्या मौनाचा अर्थ लावून देण्याची घाईही केली नाहीं. ज्या वाचकानें वऱ्हाडचा उन्हाळा काढला आहे त्याला त्या मौनाची भाषा समजते. ज्यानें काढला नाहीं त्याला ती शिकावी लागते, आणि कादंबरी ती शिकविते.

इतकें सर्व लिहून झाल्यावर कोणी म्हणेल, कादंबरी वाचण्याचे हे बारकावे ठीक आहेत, पण त्यांवांचून संसारांत अडतें कोठें? याचें उत्तर यवतमाळ जिल्ह्यांत तरी दूर शोधावें लागत नाहीं. गेल्या दोन तपांहून अधिक काळ या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें सर्वत्र झालें आहे. असा प्रसंग घडला म्हणजे शासनाकडून चौकशी होते, कागद तयार होतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिति तें प्रकरण साहाय्यास ‘पात्र’ कीं ‘अपात्र’ हें ठरविते. जमीन कोणाच्या नांवावर होती, कर्ज कोणाकडून घेतलें होतें, तें थकलें होतें कीं काय, हे त्या कागदांतील प्रश्न. ते प्रश्न विचारणें शासनास भाग आहे, हें आम्हीही जाणतों. परंतु तो कागदही एक कथाच आहे, आणि तिचा निवेदक कोण हें वाचकानें पुसलें पाहिजे. शासकीय मराठींत ‘असें आढळून आलें’ हा प्रयोग फार आहे. कोणाला आढळलें? कोणत्या दारांत उभें राहून? घरांतील कोणाला विचारून? कर्मणि प्रयोगानें निवेदक पडद्याआड जातो, आणि पडद्याआडचा मनुष्य सर्वज्ञ वाटूं लागतो. शेत सासऱ्याच्या नांवावर, कर्ज नातलगाकडून तोंडी घेतलेलें, आणि नवऱ्याच्या मनांतील घालमेल फक्त बायकोला ठाऊक, अशा घराची हकीकत त्या नमुन्याच्या रकान्यांत मावत नाहीं. जी बाई सर्वांत अधिक जाणते ती त्या कथेंत ‘मयताची पत्नी’ एवढ्या दोन शब्दांपुरती येते. यमूच्या काळीं निर्णय बैठकींत होत होता. आतां तो कचेरींत होतो. माजघर अजून मागेंच आहे.

म्हणून जानेवारी २०१९ मध्यें यवतमाळास जें घडलें तें वाङ्मयाच्या दृष्टीनेंही नोंदवून ठेवण्यासारखें आहे. १९७३ सालीं ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालीं येथें साहित्य संमेलन भरलें होतें. २०१९ चें हें ९२ वें संमेलन, आणि अध्यक्षस्थानीं अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठीं नयनतारा सहगल यांस दिलेलें निमंत्रण मागें घेतलें गेल्यामुळें मोठा वाद माजला, आणि अखेर संमेलनाचें उद्घाटन झालें तें कळंब तालुक्यांतील राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्तें. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी. शेतकऱ्यांच्या विधवांना घेऊन रंगभूमीवर आलेल्या ‘तेरवं’ या नाटकांत त्यांनींही काम केलें होतें. संमेलनाच्या व्यासपीठावरून त्या स्वतःच्या शब्दांत बोलल्या. १८५७ सालीं विधवा हा पाहण्याचा विषय होता. १८९० सालीं एका पुरुषानें तिच्या जागीं उभें राहून लिहिलें. २०१९ सालीं ती स्वतः उभी राहिली व ग्रंथकार समोर बसून ऐकत होते. या प्रवासास एकशें बासष्ट वर्षें लागलीं.

या प्रसंगानें वाचकाचें काम संपलें असें मात्र मानूं नये. ‘मी’ म्हणून कोणी बोललें कीं सर्व सत्य बाहेर आलें, हीही एक भोळी समजूतच आहे. भरसभेंत बोलणारी व्यक्ति निवडून बोलते. कांहीं गोष्टी ती मुलाबाळांसाठीं राखून ठेविते, कांहीं गांवांत परत राहावयाचें आहे म्हणून. ऐकणाऱ्यानें टाळ्या वाजविल्या व ‘शेतकऱ्याची विधवा’ हें एक प्रतीक मनांत ठेवून घरीं गेला, तर त्यानें एका व्यक्तीस ऐकलेंच नाहीं. रकान्याऐवजीं प्रतीकांत तिला बसविलें एवढाच फरक. तिच्या साक्षीस पहिला मान द्यावा, तिच्या मौनास जागा ठेवावी, आणि तिनें न सांगितलेल्या गोष्टी आपल्या कल्पनेनें तिच्या तोंडीं घालूं नयेत. कादंबरी नीट वाचणारास ही शिस्त ठाऊक असते, कारण यमूपाशीं व कौतिकपाशीं तो ती शिकलेला असतो.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अजून रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुस्तक मोठ्यानें वाचण्याची चाल आहे, किंवा जे आपल्या मुलांस कथा वाचावयास लावितात, त्यांस आमची एक विनंति आहे. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारण्याची घाई करूं नये. आधीं विचारावें, ही गोष्ट सांगतो कोण, आणि त्याला हें कळलें कसें? मग विचारावें, त्याला काय ठाऊक नाहीं, किंवा ठाऊक असून तो काय बोलत नाहीं? शेवटीं, मुलानें आपला तर्क सांगितला कीं त्याला प्रेमानें म्हणावें, तें कोणत्या ओळीवरून म्हणतोस, दाखव पाहूं. ओळ दाखवितां आली तर तर्क टिकला. न आली तर पुन्हा वाचावें. या सवयीस पैसा लागत नाहीं, पाठांतरही लागत नाहीं. आणि पुढें त्या मुलाच्या हातीं एखाद्या दिवशीं कोणा दुर्दैवी घराविषयींचा सरकारी कागद आला, किंवा एखादी बाई त्याच्यासमोर बसून अडखळत बोलूं लागली, तर तें मूल कागदावर चटकन विश्वास ठेवणार नाहीं आणि त्या बाईचें वाक्य तिच्याआधीं पुरें करणार नाहीं, एवढी आशा आम्ही बाळगतों.